नियमित उपासनेला जाऊनही मंडळीत परकेपणा का वाटतो?

जन्माने ख्रिस्ती नसताना वर्षभर दर रविवारी उपासनेला जाऊनही मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आपलेपणा का वाटत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते केवळ रविवारच्या उपासनेने तो वाटणारही नाही. तेथे सगळे एका दिशेला तोंड करून बसतात, आशीर्वादानंतर दारात हस्तांदोलन होते, ‘कसे आहात?’ याला ‘प्रभूची कृपा’ एवढे ठरलेले उत्तर मिळते आणि जो तो घरी जातो.

खरी ओळख होते ती आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत. अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) आमच्या सभेत पेटीवर दोन गीते होतात, बायबलमधील वचन वाचले जाते आणि मग पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, विचारतात, “कोणाच्या काही विनंत्या?” तेव्हा बहुतेक जण परीक्षा, प्रवास अशा बिनधोक विनंत्या सांगतात, मीही तेच करत असे. माझी नोकरी सुटली तेव्हा मात्र, रोज डबा घेऊन घरातून निघतो पण जायला ठिकाण नाही, हे मी तेथे बोलून गेलो. एका काकांनी माझे नाव घेऊन प्रार्थना केली, आणि नंतर चपला घालता घालता, एरवी फक्त मान हलवणाऱ्या एका गृहस्थांनी मला आपल्या मुलाच्या व्यसनाविषयी सांगितले. नोकरी काही त्यामुळे मिळाली नाही, परंतु त्यानंतर सभेपूर्वी सतरंज्या घालायला मला हक्काने बोलावू लागले. बायबलमधील पत्रात प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, एकमेकांची ओझी वाहायला सांगितले आहे. ते लपवलेल्या ओझ्याच्या बाबतीत कसे जमावे?

अर्थात, विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालेलीही मी पाहिली आहे, म्हणून आधी एखाद्याच विश्वासू व्यक्तीशी बोलावे.

जन्माची अडचण मात्र मनातून काढून टाका. ज्यांची गीते आज मराठी मंडळ्या गातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक ब्राह्मण घरात जन्मले होते व त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, १९०० साली घेतला. पुढे १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. तेव्हा आपल्या घराजवळची सभा कोणाकडे भरते हे पाळकांना विचारा, आणि विश्वासाविषयी शंका असतील तर विनंतीच्या वेळी त्याही सांगा.