दारं मोजू नकोस, किलो मोज

अगं पोरी,

तुझं पत्र वाचलं. बाळाची सीट मागे बसवताना कंबर धरली, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणालं, "आता तरी घरच्यांची गाडी घे." तेव्हापासून तू रात्र रात्र जागते आहेस. दोन दारांची कूपे विकावी लागणार हे तुला कळून चुकलंय. तुझं अडलंय ते पुढे. चार दारांची गाडी घेतली की चालवण्याची हौस संपली, असं तू मनाशी धरून बसलीस, आणि त्याची भरपाई म्हणून यादीत सगळ्यात वर सगळ्यात जास्त पॉवरची सेडान ठेवलीस. ते वाचलं आणि मला राहवेना.

दारं मोजू नकोस, किलो मोज. हे पत्र संपेपर्यंत मी हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

बीएमडब्ल्यूच्या आजच्या एम थ्री आणि एम फोर या दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघ. एक सेडान, एक कूपे. इंजिन तेच, तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, तोच, २८५७ मिलिमीटर. फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या कॉम्पिटिशन मॉडेलचे कंपनीचेच आकडे घेतले तर एकीचं वजन १७३० किलो, दुसरीचं १७२५. पाच किलो! बाळाची बॅग भरलीस की तेवढं वजन होतं. मग सेडानमध्ये जागा येते कुठून? छपरातून. सेडानचं छप्पर सुमारे चार सेंटिमीटर उंच आहे आणि मागच्या माणसाच्या डोक्यावर ते लवकर उतरत नाही. शिवाय मागे स्वतःचं दार. बस, एवढंच. दोन जास्तीच्या दारांनी तुझी हौस मारली असती, तर या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला असता. तसा तो पडत नाही.

आणि सेडान म्हणजे तडजोड, हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी? १९८५ च्या पहिल्या एम फाइव्हमध्ये बीएमडब्ल्यूने एम वन या सुपरकारच्या इंजिनाचाच वंशज बसवला होता. २८६ अश्वशक्ती, आणि बाहेरून बघितलं तर साधी चार दारांची गाडी. मर्सिडीजची ५०० ई १९९० साली आली, ती घडवण्यात पोर्शेचा हात होता. तिची चाकांवरची पत्र्याची कमान इतकी रुंद होती की मर्सिडीजच्या नेहमीच्या असेम्ब्ली लाइनवर ती बसेना, म्हणून मोठं काम पोर्शेकडे झालं. ज्यांनी या गाड्या केल्या ते काही हौस सोडलेले लोक नव्हते.

मला खंत आहे ती वेगळीच. माझ्याकडे कूपे होती त्या काळात मला परवडेल अशी, मनासारखी चालणारी चार दारांची गाडी मिळत नव्हती. एम थ्री १९९४ मध्ये चार दारांत आली खरी, पण तिच्या पुढच्या पिढीत पुन्हा कूपे आणि उघड्या टपाची एवढ्याच आल्या. आई मागे बसायची. पुढची सीट दुमडायची, वाकायचं, एक पाय आत, मग डोकं, मग दुसरा पाय. उतरताना मी हात द्यायचो. पुढे पुढे ती "तुम्ही जाऊन या" म्हणायला लागली. ते शब्द मला अजून ऐकू येतात. म्हणून तू दार बदलतेस याबद्दल माझ्या मनात कणभरही शंका नाही. माझं भांडण तुझ्या यादीतल्या पहिल्या गाडीशी आहे.

ती गाडी, आजची एम फाइव्ह, वाईट नाही. ७२७ अश्वशक्ती, १००० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर, चारही चाकांना ताकद. इंजिनिअरिंगचं थोर काम आहे ते. पण तिचं वजन विचारलंस का? २४३५ किलो. तुझी आजची कूपे पंधराशेच्या आसपास आहे असं तूच लिहिलंस. म्हणजे तू नऊशे किलो जास्त घेऊन घरी येणार, आणि मग मला विचारणार की स्टिअरिंगमध्ये पूर्वीसारखं काही कळत का नाही.

सरळ रस्त्यावर वजन कळत नाही, इथेच सगळे फसतात. टॉर्क भरपूर असला, चारही चाकं ओढत असली की गाडी सुटते बंदुकीतून सुटल्यासारखी, आणि टेस्ट ड्राइव्हला माणसं तेवढंच बघतात. वजन बोलतं ते दुसऱ्या वळणावर. एका बाजूला झुकलेली गाडी सावरून लगेच दुसऱ्या बाजूला वळवायची असते तेव्हा. पाठीवर पोतं घेऊन पळणाऱ्याचे पाय कितीही दणकट असोत, दिशा बदलताना तो एक पाऊल उशिराच बदलतो. ब्रेकचंही तेच. त्याच वेगावरून थांबायचं तर २४०० किलोच्या गाडीच्या ब्रेकना १५०० किलोच्या गाडीपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता गिळावी लागते. म्हणून मोठ्या डिस्क, त्या मावायला मोठी चाकं, त्यांना रुंद टायर, आणि ते सगळं पुन्हा वजनात. मागची चाकं वळवणारी यंत्रणा, झुकणं रोखणारे मोटरवाले बार, धक्के शोषणारे, क्षणाक्षणाला बदलणारे डॅम्पर, हे सगळं वजन लपवण्यासाठीच लागतं. लपवतातही छान. पण लपवलेलं वजन टायर आणि ब्रेक पॅडच्या बिलात बाहेर येतंच.

आता वजन विचारताना कोणतं वजन ते विचार, नाहीतर विक्रेता तोंडाला पानं पुसेल. कोरडं वजन म्हणजे इंधन-तेल काहीच नाही, ते ऐकूच नकोस. डीआयएन हे जर्मन माप, म्हणजे टाकी नव्वद टक्के भरलेली, पण ड्रायव्हर नाही. युरोपीय मापात त्यावर ड्रायव्हरचे म्हणून ७५ किलो धरतात. एका गाडीचं एक माप आणि दुसरीचं दुसरं अशी तुलना मासिकांतसुद्धा छापून येते आणि माझं डोकं तापतं.

मी तर गाडी वजनकाट्यावर नेतो. आत्ताची सेडान घेताना विकणाऱ्याला म्हटलं, आधी काट्यावर चल. ट्रक ज्या काट्यावर चढतात त्यावर ती बिचारी एवढीशी दिसत होती. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, माल कुठाय? मी सांगितलं, मालच तोलतोय. चिठ्ठी आली ती ब्रोशरपेक्षा बरीच जड. कारणं डोक्यावरच होती: काचेचं सनरूफ आणि त्याची मोटर. त्यात विजेच्या सीटा. सनरूफचं वजन सगळ्यात वाईट, कारण ते सगळ्यात उंचावर बसतं. चांगल्या कंपन्या छप्पर कार्बन फायबरचं करतात ते उगीच नाही. अल्फा रोमिओने जुलिया क्वाड्रिफोलिओचं बॉनेट आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्टसुद्धा कार्बन फायबरचा केला. पाचशे दहा अश्वशक्तीच्या सेडानमध्ये हा विचार करणारा माणूस किलो मोजत होता. मी ती गाडी सोडली आणि तेच मॉडेल बिनसनरूफचं मिळेपर्यंत थांबलो. घरचे वैतागले. थांबलो ते बरंच केलं.

बाळाच्या सीटचं बोलू. टेस्ट ड्राइव्हला तुझी सीट बरोबर ने, उगाच "बसेल हो" यावर विश्वास ठेवू नकोस. बाळाच्या सीटसाठीच्या आय-साइझ या युरोपीय नियमात बाळ किमान पंधरा महिने पाठमोरं बसतं, आणि पाठमोरी सीट पुढच्या सीटची जागा खाते. बाळाची सीट गाडीत पक्की धरणारे आयसोफिक्सचे हूक अडकल्याचा आवाज झाला की पुढे बस, गुडघे कुठे येतात बघ. मग तूच बाळाशेजारी मागे बस आणि नवऱ्याला चालवू दे. मधल्या आकाराच्या सेडानमध्ये हे सगळं मावतं, हे तुझं तुलाच दिसेल. मोठी गाडी लागते असं ज्यांनी सांगितलं त्यांनी सीट बसवून बघितलेली नाही.

वापरलेली घेत असशील तर इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांग, आधी गरम करून ठेवलेलं चालणार नाही. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाच. ३५२२ असेल तर तो २०२२ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. एकाच ॲक्सलवर दोन कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाने आणखी कुठे कुठे हात आखडला असेल ते शोधायला लाग. कूपेचा भाव आणि सेडानचा भाव मात्र दोन वेगळ्या बैठकीत ठरव. एक्स्चेंजवाले दोन्ही आकडे एकत्र कालवतात आणि माणसाला कुठे किती गेले ते कळत नाही. कूपेचे मूळ सायलेन्सर, स्प्रिंग सांभाळून ठेवले असशील तर विकण्याआधी परत बसव. नसतील ठेवले तर आता रागावून काय उपयोग.

तू विचारलंस, तुम्हाला कूपेची आठवण येते का. येते. रोज येते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ती जशी हातात असायची तशी ही नाही, आणि मला ते मान्य करायला काही वाटत नाही. पण आठवण येते म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. माझी सेडान माझ्या ओळखीतल्यांच्या गाड्यांपेक्षा कमी ताकदीची आहे, मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो, आणि पुतण्या दर भेटीला सांगतो की काका, आता जरा मोठी घ्या. मी घेणार नाही. वळणावर गाडी माझं ऐकते तोवर मला तिच्याकडून आणखी काही नको. मागे बसायला जो येतो तो ताठ मानेने बसतो आणि स्वतः दार उघडून उतरतो. हे दोन्ही एकाच गाडीत मिळतं हे मी इतकी वर्षं चालवून सांगतोय, कुणाचं वाचून नाही.

तुझ्या यादीतली तिसरी गाडी, जिला तू "जरा कमी पॉवरची" म्हणून खाली ढकललंस, ती आधी चालवून ये. मुख्य रस्त्यावर नको. वळणाचा, थोडा खराब रस्ता बघ, वेग बेताचा ठेव, आणि ब्रेक पेडल पहिल्या बोटभर अंतरात काय सांगतं याकडे लक्ष दे. मग काट्यावर ने. काटेवाला हसेल, हसू दे. दोन्ही गाड्यांच्या चिठ्ठ्या मला पाठव, टाकी किती भरली होती तेही लिही, म्हणजे पुढचं बोलता येईल.

तुझा,
काका