पक्ष्याचा डोळा आणि विहंगावलोकन

लोणार परिसरातील एका गावच्या शिक्षिकेने विचारले आहे की, ड्रोनने टिपलेल्या गावशिवाराच्या छायाचित्राखाली ‘बर्ड्स आय व्ह्यू’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे मराठी म्हणून ‘पक्ष्याच्या डोळ्याचे दृश्य’ असे लिहिले तर चालेल का. माझ्या मते ते लिहू नये.

‘पक्ष्याचा डोळा’ म्हटले की मराठी वाचकाला महाभारतातील अर्जुन आठवतो. झाड, फांद्या, पाने, एवढेच काय, पक्षीसुद्धा न दिसता ज्याला केवळ डोळा दिसला, तो अर्जुन. तेथे पक्षी हे लक्ष्य आहे. इंग्रजीत पक्षी पाहणारा आहे आणि त्याला सगळा विस्तार एकदम दिसतो, त्यामुळे शब्दशः भाषांतर केल्यास अर्थ नेमका उलटतो. आपल्या म्हणीतली घारदेखील आकाशात हिंडते खरी, पण तिचे चित्त पिलांपाशीच असते.

यासाठी मराठीत ‘विहंगावलोकन’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. विहंग म्हणजे आकाशातून जाणारा, अर्थात पक्षी. लोणारच्या काठावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एका नजरेत मावते, ते विहंगम दृश्य होय. ‘विहंगावलोकन’ हा शब्द विषयाच्या मांडणीलाही लागू होतो. जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याला चारही धुरे (बांध) दिसतात, रानडुकरे कोणत्या बाजूने शिरली तेही कळते. मात्र बोंडअळी पाहायची तर त्याला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत उतरावेच लागते. तसेच ‘विदर्भातील कापूस शेतीचे विहंगावलोकन’ या मथळ्याखाली एकूण चित्र यावे, बारकावे नसले तरी चालतील. त्यात उथळपणाची छटा नाही. ती हवी असेल तर ‘वरवरची पाहणी’ म्हणावे.

अलीकडे ‘विहंगम’ म्हणजे नुसते ‘सुंदर’ असे समजून जमिनीवरून टिपलेल्या धुक्याच्या किंवा फुलांच्या छायाचित्रालाही हे विशेषण लावले जाते. त्याने शब्दातली उंची हरवते, याची मला खंत वाटते.

‘सिंहावलोकन’ मात्र वेगळे. सिंह चालता चालता मागे वळून पाहतो, तसे मागील काळाकडे पाहणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून या छायाचित्राखाली ‘गावशिवाराचे विहंगम दृश्य’ असे लिहावे. त्याच शिवारातील नाल्याचे आणि पांदणीचे (शेतरस्त्याचे) जुने छायाचित्र शेजारी लावून मधल्या वर्षांतील बदल सांगितले, तर त्या मजकुराला ‘सिंहावलोकन’ म्हणता येईल.