रथ चौकाजवळ वन बीएचके घेतोयस? मग आधी हे बघ

भाऊ, जुन्या जळगावात राहायचं ठरवलंस, चांगलं केलंस. सराफ बाजार पायाखाली, आणि कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ जवळून बघायला मिळेल. फक्त त्या दिवशी गाडी बाहेर काढायची आशा सोड.

आता कामाचं. जुना वाडा पाडून पाच-सहा फ्लॅटची इमारत उभी राहते. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले, तर रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी लागतच नाही. म्हणजे तपास तुझा तुलाच करायचाय. सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे त्याची सरकारी नोंद, काढ, वाड्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का बघ. मी घेताना सुरतला दिलेल्या एका आत्याची सही राहिली होती. आठ महिने खेटे घातले. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, करून घेच.

वरचा मजला स्वस्त मिळेल. पण मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन भिंतीला हात लावून बघ, चटका बसतो. पाणी किती दिवसाआड येतं ते बिल्डरला नको, खालच्या मावशींना विचार. जिन्यातले निळे ड्रम मोजलेस तरी कळेल.

खरेदी वहिनींच्या नावावर केलीस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.