आवाज हिंदीच का येतो?

अरे, छोट्या प्लेअरसाठी सिनेमा कन्व्हर्ट केला की मराठीऐवजी हिंदीच ऐकू येतं म्हणतोस, पण फाइल बिघडलेली नाही. एमकेव्हीत (चित्र आणि अनेक भाषांचे आवाज एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार) मराठी, हिंदी, इंग्रजी असे आवाजाचे तीन ट्रॅक असले की कन्व्हर्टर बहुतेक वेळा पहिलाच उचलतो. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लाव, ऑडिओ ट्रॅकच्या यादीत मराठी कितवा आहे ते बघून ठेव.

मग हँडब्रेक, म्हणजे व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर. ऑडिओच्या टॅबमध्ये तोच ट्रॅक निवड, बाकीचे काढून टाक. कोडेक (आवाज साठवायची पद्धत) एएसी, मिक्सडाउन (चॅनल एकत्र मिसळणं) स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनल. हे स्टिरिओ विसरू नकोस. ५.१ मध्ये, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजात, संवाद मधल्या चॅनलवर असतात. तो नीट मिसळला नाही तर पार्श्वसंगीत दणदणीत आणि माणसं नुसती ओठ हलवतात. मी एकदा रात्रभर कन्व्हर्ट केलेला सिनेमा डेक्कन क्वीनमध्ये उघडला, तर हाच प्रकार. लोणावळ्यापर्यंत मूकपट बघितला! तेव्हापासून हँडब्रेकच्या रेंजमध्ये (कुठून कुठपर्यंत कन्व्हर्ट करायचं तो रकाना) सेकंद टाकून आधी दोन मिनिटांचाच तुकडा करतो आणि इअरफोन लावून ऐकतो.

व्हिडिओला कोडेक एच.२६४, फाइलचा प्रकार एमपी४. छोट्या स्क्रीनला ७२०पी भरपूर झालं. मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर बसणारच नाही.

आणि तुझा प्लेअर एमकेव्ही चालवत असेल, तर कन्व्हर्ट कशाला करतोस? एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये नको असलेल्या ट्रॅकसमोरची खूण काढून टाक आणि नवी फाइल बनव, काही मिनिटांत काम होतं, चित्राला धक्काही लागत नाही.