विक्रीचा आकडा एक, कारखान्याचा दुसरा
(उद्योगविषयक प्रश्नोत्तरे)

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमचा कोकम प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. सिरप, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसूल ही तीन उत्पादने आम्ही करतो. कारखाना मी पाहतो, तर मुंबई-पुण्याची विक्री धाकटा भाऊ सांभाळतो. दरवर्षी ऐन एप्रिलमध्ये सिरप संपते आणि त्याच वेळी आगळाची पिंपे गोदामात पडून असतात. भावाचे म्हणणे, मी माल देत नाही. माझे म्हणणे, तो वेळेवर सांगत नाही. मोठ्या कंपन्यांत विक्री आणि उत्पादन यांचे एकत्रित नियोजन करतात असे ऐकले आहे. ते आमच्यासारख्यांना जमेल का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : जमेल, परंतु ज्या स्वरूपात ही पद्धत अमेरिकेतील कारखान्यांत १९८०च्या दशकात रूढ झाली, त्या स्वरूपात ती जशीच्या तशी उचलू नये. तिथे कच्चा माल बारमाही मिळतो असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे कोकमाचे फळ एप्रिल-मेमध्ये येते आणि पाऊस सुरू झाला की राहिलेले फळ हातचे जाते. सिरपाची मागणी मात्र मार्चपासूनच चढू लागते. याचा अर्थ, पुढल्या मार्चमध्ये दादरच्या दुकानात जी बाटली हवी आहे, तिचे फळ आपल्याला या मे महिन्यातच विकत घ्यावे लागते. भावाने फेब्रुवारीत फोन करून ‘यंदा जास्त लागेल’ असे सांगितले, तरी त्या वेळी आपल्या हाती करण्यासारखे काही उरलेले नसते. तेव्हा आपल्या दोघांपैकी कोणाचीही कुचराई होत नसून, जे आदल्या मार्चमध्ये बोलायला हवे ते पुढल्या एप्रिलमध्ये बोलले जात आहे, एवढेच.

म्हणून निर्णयांचे दोन भाग पाडावेत. फोडलेल्या कोकमाच्या किती साली साखरेत घालायच्या, किती मिठात घालायच्या आणि किती उन्हात वाळवायच्या, हा निर्णय परत फिरवता येत नाही. एकदा मीठ पडले की त्याचे सिरप होत नाही. याउलट पिंपातले सिरप पाऊण लिटरच्या बाटलीत भरायचे की छोट्या बाटलीत, त्यावर आपले लेबल लावायचे की एखाद्या दुकानदाराचे, हे शेवटच्या पंधरवड्यापर्यंत लांबवता येते आणि शक्य तितके लांबवावेच. सिरप आणि आगळ यांना एकच बाटली आणि एकच झाकण वापरले, फक्त लेबल वेगळे ठेवले, तर रिकाम्या बाटल्यांत अडकणारा पैसाही मोकळा होतो. पहिल्या प्रकारच्या निर्णयासाठी वर्षातून एकदा, मार्चच्या मध्याला बैठक घ्यावी. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांसाठी दरमहा.

मार्चच्या बैठकीत सर्वांत मोठी फसगत विक्रीच्या जुन्या आकड्यांमुळे होते. सिरप १० एप्रिलला संपले असेल, तर वहीत त्यानंतरची विक्री शून्य दिसते. मागणी मात्र शून्य नसते. केवळ बिले पाहून अंदाज बांधला, तर मागील वर्षीचा तुटवडाच यंदाचे उद्दिष्ट होऊन बसतो. यासाठी भावाने न पुरवलेल्या मागण्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी : दुकान, तारीख, माल, नग. ही नोंदही डोळे झाकून बेरजेत धरू नये. माल मिळणार नाही असा एकदा अनुभव आलेला दुकानदार पन्नास बाटल्या हव्या असताना शंभर सांगतो, आणि तीच मागणी तो आणखी एका कारखान्याकडेही नोंदवतो. एप्रिलमध्ये नाकारलेल्या मागणीपैकी किती दुकानदार मे महिन्यात पुन्हा विचारायला आले, हे पाहिले की खरी मागणी बरीच उघड होते.

किती सिरप करायचे, याचे उत्तर निव्वळ अंदाजात नसते; कमी पडल्याचा तोटा आणि उरल्याचा तोटा यांच्या तुलनेत ते असते. समजा, बाटली कमी पडली तर ३० रुपयांचा नफा बुडतो आणि एक उरली तर व्याज, जागा आणि उतरलेला रंग मिळून १० रुपये जातात. तीसला चाळीसने, म्हणजे दोन्ही तोट्यांच्या बेरजेने भागले की पाऊण येते. चारपैकी तीन वर्षे पुरेल इतके सिरप करणे या स्थितीत हिताचे ठरते. नेमक्या सरासरीइतके करणे म्हणजे जवळजवळ एक वर्षाआड तुटवडा ओढवून घेणे होय. मात्र उरल्याचा तोटा प्रामाणिकपणे मांडावा. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने ओसरतो व माल तपकिरी दिसू लागतो. पत्र्याच्या छपराखाली रचलेल्या वरच्या पिंपांत आणि खाली सावलीत ठेवलेल्या पिंपांत हा फरक वर्षभरात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आपले गोदाम तसे असेल, तर ते १० रुपये २० होतील आणि करायच्या सिरपाचे प्रमाणही त्यानुसार कमी होईल. छपराखाली आच्छादन घालण्याचा खर्च हा त्या अर्थाने नियोजनाचाच भाग आहे.

दरमहाच्या बैठकीचे म्हणाल, तर घरच्या धंद्यात ती जेवणाच्या ताटावर होते आणि तिथे ठरलेले पुढे दोघांनाही दोन प्रकारे आठवते. ती ठरलेल्या तारखेला, कागद समोर ठेवून घ्यावी. भावाने पुढील प्रत्येक महिन्याचा अंदाज उत्पादनवार आणावा. दुकानवार तपशिलाची गरज नाही. आपण पिंपांतील साठा, बाटल्या, लेबले आणि भरणीसाठी मिळणारे मनुष्यबळ मांडावे. गणपतीच्या दिवसांत कामगार मिळत नाहीत, ही गोष्ट जुलैच्याच कागदावर आली पाहिजे. हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीला, मग ती घरातील वहिनी का असेना, बैठकीत बरोबरीचे स्थान द्यावे, कारण फळ आणि साखर यांचा मोठा खर्च मे महिन्यात एकदम येतो आणि त्या मालाचा पैसा वर्षभर तुकड्यातुकड्याने येतो. शेवटी तिघांनी मिळून प्रत्येक महिन्यासाठी एकच आकडा ठरवावा. मतभेद मिटला नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही आधीच ठरलेले असावे.

कागदाच्या माथ्यावर मागील महिन्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री लिहावी. चूक होणारच, ती कोणत्या बाजूला होते ते पाहावे. सलग पाच-सहा महिने अंदाज जास्तच निघत असेल, तर तो अंदाज नसून माल हाताशी राहावा म्हणून मागितलेली जादा तरतूद आहे, असे समजावे. भरलेल्या बाटल्यांचा राखीव साठाही या नोंदीवरूनच ठरतो. समजा, चूक महिन्याला सरासरी २०० बाटल्यांची होते आणि नवी भरणी व्हायला महिना लागतो. तर ४०० बाटल्या राखीव ठेवल्यास शंभरपैकी साधारण पंचाण्णव वेळा माल कमी पडणार नाही. अंदाज सुधारला की हा साठा आपोआप कमी करता येतो.

प्रश्न : आमचा काजूगराचा कारखाना आहे. व्यापारी मोठ्या अख्ख्या गराचीच मागणी नोंदवतात, ती पुरी करता करता पाकळी आणि तुकडा साठत जातो. नियोजन कसे करावे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण मोठा गर वेगळा ‘तयार’ करू शकत नाही, बी फोडली की गराच्या सर्व प्रती, म्हणजे लहानमोठे सर्व दर्जे, एकदमच बाहेर पडतात. बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा गर मिळतो, आणि त्यात डब्ल्यू-२४०, म्हणजे एका पौंडात २२० ते २४० भरणारा अख्खा गर किती निघेल, हे बियांच्या आकारावर आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असते. वेंगुर्ला-७ सारख्या मोठ्या बियांच्या जातीचा माल आणि बाजारातून आलेला मिश्र माल यांचा उतारा, म्हणजे त्यांतून निघणारा गर, एकसारखा धरणे ही नियोजनातील मूळ चूक आहे. प्रत्येक खेपेतील थोडे बी आधी फोडून प्रतवार उतारा लिहावा आणि त्यावरून मोठ्या गराच्या मागणीची मर्यादा ठरवावी. ती ओलांडणारी मागणी स्वीकारायची असेल, तर सोबत निघणारा तुकडा कोणत्या भावाने जाणार, हे त्याच वेळी हिशेबात धरावे. पुष्कळदा असे दिसते की मोठ्या गराचा चढा भाव तुकड्याच्या पडत्या भावाने खाऊन टाकलेला असतो. विक्री पाहणाऱ्याचे मोलही मोठ्या गराच्या किलोंवर न करता, फोडलेल्या प्रत्येक गोणीमागे सर्व प्रती मिळून किती रुपये आले त्यावर करावे. मिठाईवाले आणि बेकरीवाले यांच्याशी तुकड्याचा वर्षभराचा करार झाला, तर निम्मी अडचण तिथेच मिटेल.

प्रश्न : लोटे परिसरातील कारखान्यांना आम्ही प्लास्टिकचे ड्रम पुरवतो. त्यांचे अंदाज दर आठवड्याला बदलतात. यासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सध्या घेऊ नये. ग्राहकाच्या मागणीतील लहानसा चढउतार पुरवठ्याच्या साखळीत मागे मागे सरकताना मोठा होत जातो, हे अमेरिकेतील व्यवस्थापनाचे अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१मध्येच दाखवून दिले आहे. सॉफ्टवेअरने तो थांबत नाही. प्रत्येक ग्राहकाचा महिन्याआधीचा अंदाज आणि प्रत्यक्ष उचल एक्सेलच्या एका पानावर सहा महिने लिहावी. जो ग्राहक नेहमी शंभर सांगून सत्तर उचलतो, त्याच्यासाठी सत्तरच धरावेत. त्यानंतर ग्राहकांशी बोलून पुढील दोन आठवड्यांची मागणी गोठवावी : त्या मुदतीत बदल हवा असेल तर जादा दर, त्यापुढील बदल विनामूल्य. खरेदी विभाग प्रथम नकार देतो. सहा महिन्यांचे ते पान समोर ठेवले की चर्चा बहुधा दराच्या आकड्यावर येते.