इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी (रिटर्न भरायची फाईल) उघडली की लाल पट्टी येते, मॅक्रो चालत नाहीत. 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून टाकू का?

नका करू, प्लीज. मॅक्रो म्हणजे फाईलीच्या आत असलेले छोटे प्रोग्राम. तुमची अडचण एका फाईलची आहे आणि ती सेटिंग एक्सेलमध्ये उघडणाऱ्या प्रत्येक फाईलला लागते.

नेटवरून काही डाऊनलोड केलं की विंडोज त्या फाईलवर 'बाहेरून आलेली' अशी खूण मारून ठेवतं, आणि २०२२ पासून एक्सेल अशा फाईलीतले मॅक्रो सरळ ब्लॉकच करतं, म्हणून लाल पट्टीवर 'एनेबल कन्टेन्ट'चं बटण मिळत नाही. आधी बघा की युटिलिटी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरूनच घेतलीय ना, व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली नको. मग फाईल बंद करून तिच्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये अगदी खाली 'अनब्लॉक' असा छोटा चौकोन असतो, तिथे टिक करून ओके. झिप असेल तर हे झिपवरच करायचं आणि नंतर एक्सट्रॅक्ट करायचं, नाहीतर ती खूण आतल्या फाईलींनाही लागते. आता उघडलीत की पिवळी पट्टी येईल, तिथे 'एनेबल कन्टेन्ट' दाबा, झालं.

हे एवढं कळकळीने सांगतोय कारण मी टॅक्सचं काम करतो आणि आमच्या एका पीसीवर जुलैत रिटर्न भरायच्या घाईत कुणीतरी 'एनेबल ऑल' करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. पुढे क्लायंटच्या नावाने मेल आला, सोबत बिलाची एक्सएलएसएम फाईल, म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल (साध्या बिलात मॅक्रो कशाला हवेत, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही). उघडली तर शीट कोरी, एक काळी विंडो क्षणभर चमकून गेली, बाकी काहीच नाही. संध्याकाळपर्यंत आमच्याच आयडीवरून निम्म्या क्लायंटना तसलेच मेल गेले होते! पीसी फॉरमॅट करून सगळे पासवर्ड बदलण्यात दोन दिवस गेले, आणि क्लायंटना फोन करून 'उघडू नका' सांगताना फार वाईट वाटलं, लोकांनी विश्वासाने पॅन आणि बँकेचे कागद दिलेले असतात हो.

तुम्ही आधीच बदलून बसला असाल तर फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज इथे जाऊन 'डिसेबल विथ नोटिफिकेशन' परत लावा. रोज मॅक्रोवाल्या फाईली लागत असतील तर वेगळा फोल्डर करून तो त्याच ट्रस्ट सेंटरच्या 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्ये टाका, तिथल्या फाईलींचे मॅक्रो न विचारता चालतात, पण म्हणूनच डाऊनलोड्सचा फोल्डर तिथे कधीच टाकू नका. ऑफिसचा पीसी असेल आणि हे पर्याय राखाडी दिसत असतील तर आयटीवाल्यांनी लॉक केलेत, त्यांनाच सांगा.