डीएनएससाठी बाइंडच ठेवू की अनबाउंड घेऊ?

प्रश्न: आमचं छोटं नेटवर्क आहे, साधारण 3000 कनेक्शन. एकाच मशीनवर बाइंड हा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) आहे, ग्राहकांच्या क्वेरी, म्हणजे नावांची विचारणा, तोच घेतो आणि आमची स्वतःची डोमेनपण त्याच्यावरच. संध्याकाळी साइट उघडायला फार वेळ लागतो, पिंग मात्र चांगला येतो. सॉफ्टवेअर बदलायचं का, आणि कुठलं घ्यायचं?

उत्तर: बदला, पण त्याआधी एक बघून घ्या. ऐन गर्दीच्या वेळी त्या लिनक्स मशीनचा कर्नल लॉग उघडा आणि 'कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ आहे का ते शोधा. कॉनट्रॅक टेबल म्हणजे फायरवॉलची कनेक्शनची नोंदवही. ती ओळ असेल तर बिचाऱ्या बाइंडचा काही दोष नाही. फायरवॉल प्रत्येक बारक्या यूडीपी क्वेरीची नोंद ठेवत बसतो, टेबल भरलं की नवीन पॅकेट टाकून देतो, मग ग्राहकाचा फोन काही सेकंद वाट बघून परत विचारतो, म्हणून पिंग छान आणि साइट अडकलेली. मी स्वतः हे न बघता आधी सर्व्हर बदलला होता, त्रास जसाच्या तसा राहिला. डीएनएसच्या पोर्ट 53 ला नोट्रॅक (नोंद ठेवू नको असा रूल) लावा, आणि मग त्या पॅकेटना एस्टॅब्लिश्डवाला रूल (आधी नोंदलेल्या कनेक्शनची पॅकेट सोडणारा) लागू होत नाही हे लक्षात ठेवून येण्याजाण्याची परवानगी दोन्हीकडून वेगळी लिहा, नाहीतर सगळंच बंद पडेल.

आता सॉफ्टवेअर. बाइंड वाईट नाहीये, पण ग्राहकांसाठी नावं शोधणं आणि आपल्या डोमेनची उत्तरं देणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका मशीनवर नकोतच. ग्राहकांसाठी मी डोळे झाकून अनबाउंड सांगेन, तो फक्त नावं शोधायचं काम करतो, कॉन्फिग छोटं, डीएनएसएसईसी (उत्तर खरं असल्याची डिजिटल सही) तपासतो, आणि मुळात फक्त स्वतःच्या मशीनलाच उत्तर देतो, बाकीच्यांना अॅक्सेस-कंट्रोलमध्ये आपण परवानगी द्यायची. तिथे फक्त तुमच्याच आयपी रेंज टाका, सगळ्या जगाला उघडा ठेवलात तर तुमचा सर्व्हर वापरून दुसऱ्यांवर हल्ले होतील. त्याच कामासाठी पॉवरडीएनएस रिकर्सरपण चांगला आहे, लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहायच्या असतील तर तोच घ्या. डोमेनची उत्तरं द्यायला एनएसडी हा सर्व्हर घ्या, बाइंडच्या झोन फाइल्स (डोमेनच्या नोंदी) त्याला तशाच चालतात.

अनबाउंडमध्ये थ्रेड जेवढे कोअर तेवढे, आरआरसेट कॅशे (साठवलेल्या नोंदी) मेसेज कॅशेच्या (साठवलेल्या उत्तरांच्या) दुप्पट, प्रीफेच (मुदत संपण्याआधीच नोंद ताजी करणं) चालू. साधं रीलोड केलं की कॅशे रिकामी होते, त्यामुळे ते संध्याकाळी करू नका. अनबाउंडसाठी मशीन दोन घ्या, वेगवेगळ्या स्विचवर आणि वेगवेगळ्या वीजपुरवठ्यावर.

बाइंडचा जुना आयपी कुणाला द्यायचा हा खरा गुंता आहे. कितीतरी ग्राहकांच्या राउटरमध्ये तो हाताने टाकलेला असणार, तो बदलायला घरोघरी कोण जाणार, म्हणून जुना आयपी अनबाउंडला द्या आणि डोमेन नव्या आयपीवर न्या, ते रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलंय तिथे) बदलता येतं. डॉट कॉमच्या एनएस रेकॉर्डचा (डोमेनची उत्तरं कुठला सर्व्हर देतो ती नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद बाहेर कॅशेमध्ये राहण्याची मुदत, 172800 सेकंद, म्हणजे 2 दिवस आहे, तेवढे दिवस जुन्या बाइंडला हात लावू नका, नवा एनएसडी बाजूला चालू ठेवा आणि बाइंडच्या क्वेरी लॉगमध्ये बाहेरून तुमच्या डोमेनची विचारणा यायची थांबली की मगच जुन्या आयपीवर अनबाउंड चढवा.